‘ना’ हा नकार नव्हता, याबाबत

प्रति,
मा. साहाय्यक साधन अधिकारी,
जिल्हा साहाय्यक साधन वाटप कक्ष,
धाराशिव.

अर्जदार : नाजुकाबाई बिराप्पा देवकते, धंदा मेंढपाळ, रा. मौजे खडकदेवळी, ता. भूम, जि. धाराशिव.

विषय : ‘लाभार्थ्याने टॅबलेटच्या दुरुस्तीस नकार दिला’ ही पडताळणी अहवालातील नोंद चुकीची असल्याने दुरुस्त होणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाचा पडताळणी अहवाल व त्यासोबतची टॅबलेट जमा करण्याची नोटीस.

महोदय,

१. अर्जदार बाईंना लिहिता-वाचता येत नाही. त्या सांगतात आणि भूम तहसीलसमोर झेरॉक्सच्या दुकानालगत बसणारा अर्जनवीस लिहितो, असा हा अर्ज आहे. अर्ज थोडक्यात आणि मुद्देसूद असावा हे लिहून देणाराला ठाऊक आहे. परंतु याआधीचे दोन अर्ज थोडक्यातच होते, आणि आपल्या दारी त्यांची जी गत झाली ती पाहता या खेपेला लांबण लागली तरी बेहत्तर, सगळे सांगायचे असे ठरले. या अर्जात पतीचे नाव जिथे जिथे आले आहे तिथे ते सून मंजुषा हिने सांगितले आहे. अर्जदार बाई पतीचे नाव घेत नाहीत. पतीही पत्नीचे घेत नाहीत. आपल्याला ही गोष्ट गावंढळ वाटेल, पण सगळे प्रकरण तिच्यावरच उभे आहे, म्हणून ती आरंभीच नमूद केली.

२. बिराप्पा देवकते यांचा जन्म मेंढरांमागे गेला. बालाघाटाच्या एका उतारावरून त्यांनी हाळी दिली की समोरच्या उतारावरचा कळप माना वर करी, अशी त्यांच्या आवाजाची ख्याती होती. पुढे गळ्यात गाठ आली. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले की जीव राखायचा तर घशातली आवाजाची पेटी काढावी लागेल. ऑपरेशनच्या आधीच आपल्या कक्षाच्या शिबिरात त्यांना एक टॅबलेट मिळाला. त्यावर चित्रांचे चौकोन होते. चित्रावर बोट ठेवले की टॅबलेट त्या चित्राचा शब्द बोले. त्या उपकाराची जाणीव अर्जदार बाईंना आजही आहे, आणि तसे लिहा असे त्यांनी स्वतःहून सांगितले आहे.

३. टॅबलेटमध्ये कंपनीचा एक आवाज होता. तो पुस्तकातल्यासारखे बोलणाऱ्या कुणा तरुणाचा होता. दवाखान्यात बोलणे शिकवणाऱ्या मॅडम होत्या, त्या म्हणाल्या की हा परका आवाज घरात कशाला, गळा शाबूत आहे तोवर आजोबांचाच आवाज भरून घेऊ. मग बिराप्पांनी एकेक शब्द भरला. पाणी दे. भाकर आन. दुखतंय. वैजा, म्हणजे मुलगा वैजनाथ. मेंढरं सोडा. कुत्रं बांध. आणि एका चौकोनात कळपाला द्यायची हाळी. मॅडमना ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन हवे होते. बिराप्पा म्हणाले, त्याला मान हाय की, ती कुटं कापताय. सबब ‘हो’ आणि ‘नाही’ हे दोन शब्द या टॅबलेटमध्ये भरलेलेच नाहीत. कृपया हे वाक्य अधोरेखित समजावे, पुढे लागणार आहे.

सगळ्यात शेवटी उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात कुंकू लावलेल्या बाईचे चित्र उरले. मॅडमनी बायकोचे नाव विचारले. बिराप्पा उठून व्हरांड्यात गेले. लग्नात नाव घ्यायला लावले तेव्हाही या गृहस्थांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात कोंबून वेळ मारून नेली होती, हे अर्जदार बाई अजून विसरलेल्या नाहीत. उभ्या संसारात हाक म्हणजे ‘अगं ए’, नाहीतर ‘वैजाची आई’. मॅडम त्यांच्या मागे व्हरांड्यात गेल्या आणि त्यांनी सरळ सांगितले की आज नाही तर परत कधीच नाही. तेव्हा ते आत आले, मान खाली घातली आणि एका दमात नाव घेतले. अर्जदार बाई दाराआड उभ्या होत्या. त्या म्हणतात की त्या दिवशी त्यांना ऑपरेशनची भीती वाटायची राहून गेली.

४. टॅबलेट बराच काळ चालला. नंतर त्याची बॅटरी करंट धरेना, वायर काढली की थोड्याच वेळात तो डोळे मिटी. तरी वायर लावून काम निभत होते. परंतु एका सकाळी कळप ओढ्यापलीकडे पांगला, आणि बिराप्पांनी टॅबलेट रानातल्या मेंढरांच्या वाड्यावर नेऊन, आहे त्या बॅटरीवर, हाळीचा चौकोन दाबला. मेंढरांनी तो आवाज कैक दिवसांत मोकळ्या रानात ऐकला नव्हता. सगळा कळप एकदम धावत आला आणि बिराप्पांच्या अंगावर लोटला. टॅबलेट हातातून निसटला आणि त्यावर एडक्याचा पाय पडला. आपल्या कक्षाने याची नोंद ‘लाभार्थ्याची हयगय’ अशी केली आहे. लिहून देणाराचे नम्र मत असे की साधन इतके चोख काम करते याचा यापेक्षा मोठा दाखला शासनाला मिळणार नाही. असो.

५. त्या दिवसापासून काच काळी पडली. आत टॅबलेट जिवंत होता, वायर लावली की बोलत होता, पण चित्रे दिसत नव्हती, आणि तडा गेलेला उजवीकडचा खालचा कोपरा बोटाला दाद देत नव्हता. बिराप्पा अंदाजाने बोट ठेवीत. पाणी मागितले की टॅबलेट मेंढरे सोडायला सांगे. अर्जदार बाईंना हाक मारायला ते कोपरा दाबू पाहात, आणि शेजारचा चौकोन बोले, ‘कुत्रं बांध.’ गल्लीतली माणसे हसत. पहिल्या दिवशी अर्जदार बाईंनी कुत्रे बांधले. मग त्यांच्या ध्यानात आले. तेव्हापासून ‘कुत्रं बांध’ असा आवाज आला की त्या हातातले काम टाकून ‘आले’ म्हणत. यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आवाज त्यांचाच होता, असे त्या म्हणतात.

६. भूमच्या बाजारात मल्लिनाथ याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. त्याने सांगितले की काच बदलायला या मेकची काच कुठेही मिळत नाही. पण टॅबलेटचे चित्र वायरीने बाहेरच्या पडद्यावर काढता येईल, माऊस लावून चौकोन दाबता येईल, आणि भरलेले सगळे आवाज दुसऱ्या मोबाईलमध्ये उतरवून घेता येतील. अडचण एकच होती. टॅबलेटला भोक एकच, टाईप-सीचे. त्यात चित्राची वायर घातली तर करंट थांबतो, आणि करंट थांबला की आवाज उतरवायच्या आत टॅबलेट बंद होतो. करंटची वायर घातली तर चित्र दिसत नाही.

मल्लिनाथने आपल्या परीने खटपट केली. टॅबलेटला एक डबी, त्या डबीला एचडीएमआयची वायर, तिला दुसरी डबी, त्या डबीला निळ्या तोंडाची व्हीजीएची जाड वायर आणि शेवटी ग्रामपंचायतीने टाकून दिलेला जुना मॉनिटर, अशी वरात त्याने लावली. पहिल्या डबीला बाजूने चार्जरचे तोंड होते. त्यात चार्जर घातला तर डबीचा दिवा लागला, पण टॅबलेटला काही पोचेना. मग डबीला आणखी एक डबी जोडली. चित्र अंधुक झाले, करंट तरी नाहीच. प्रत्येक डबी आपल्यापुरते खाई आणि पुढच्याला उपाशी ठेवी. सरकारी कामाचा अनुभव असल्याने लिहून देणाराला याचे नवल वाटले नाही. शेवटी मल्लिनाथने हात टेकले. तो बिराप्पांना म्हणाला, “मामा, ह्या डबीला तोंड हाय, पन गळा न्हाय.” बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. बिराप्पा मात्र हसले. हसताना त्यांचा आवाज येत नाही, खांदे हलतात.

७. अशा कामाची खरी डबी असते. एका अंगाने चित्र बाहेर, दुसऱ्या अंगाने करंट आत, तिसऱ्या अंगाला माऊस. टॅबलेट ज्या खोक्यातून मिळाला त्या खोक्यावर तिचे रंगीत चित्रसुद्धा आहे. आत मात्र ती नव्हती, तिच्या आकाराचा खड्डा तेवढा होता. सबब ती मिळावी असा पहिला अर्ज वैजनाथने केला. तो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला आहे, मराठीचा अभिमानी आहे, म्हणून त्याने ‘चार्जिंगकरिता जोडणी मिळणेबाबत’ असा विषय घातला. आपल्या आवक टेबलावर ‘जोडणी’ हा शब्द पाहून अर्ज वीज कार्यालयाकडे गेला. एक दिवस गावात वायरमन आला, मीटर पाहून गेला, आणि उत्तर आले की अर्जदाराकडे जोडणी अस्तित्वात असून ती सुस्थितीत आहे, तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

दुसरा अर्ज सून मंजुषाने लिहिला. घोटाळा नको म्हणून तिने दुकानात म्हणतात तो शब्द घातला. आपल्याकडे सगळेच ‘अडॉप्टर’ म्हणतात, तसेच तिने लिहिले. हा अर्ज बालकांचे काम पाहणाऱ्या एका कार्यालयात गेला. तिथून आलेल्या पत्रात पती-पत्नी या दोघांच्याही वयाचा विचार करता त्यांना मूल दत्तक देता येत नाही याबद्दल खेद व्यक्त केला आहे. ते पत्र वैजनाथने जेवताना वाचून दाखवले. अर्जदार बाई पदर तोंडात धरून हसल्या आणि नंतर उठून गोठ्यात गेल्या. आपल्या कक्षाकडे थेट चौकशी केली तेव्हा असे कळवण्यात आले की खोक्यावरील चित्र केवळ माहितीसाठी आहे.

८. यानंतर मात्र आपल्या कक्षाने टॅबलेट घेऊन पडताळणीस हजर राहण्याचे पत्र पाठवले. अर्जदार बाई, बिराप्पा आणि मंजुषा असे तिघे एसटीने धाराशिवला आले. आपल्या बैठकीच्या दालनात मोठा पडदा आहे. तिथे यंत्रे सांभाळणारे सिद्धाराम नावाचे गृहस्थ आहेत. त्यांनी टॅबलेट पाहिला, बॅटरीत आता क्षणाचाही दम नाही म्हणाले, दालनाच्या टेबलावरचीच एक डबी त्याला लावली, आणि काही कळायच्या आत समोरच्या भिंतीवर चौकोन दिसू लागले. चित्रही आले, करंटही आला. इतके दिवस ज्या डबीसाठी अर्ज केले ती आपल्याच कार्यालयात टेबलावर पडलेली होती. तिच्याबद्दल विचारले असता ती दालनाची असून दालनाबाहेर देता येत नाही असे समजले. तसे असेल तर तसे. अर्जदार बाईंना ती घरी न्यायची नव्हतीच. आवाज उतरवून घेण्यापुरतीच हवी होती.

सिद्धाराम यांनी आवाज उतरवायला पेनड्राईव्ह आणायला शिपायाला पाठवले आणि तोवर आजोबांना माऊस हाताळू द्या म्हणाले. बिराप्पांनी आयुष्यात माऊस धरलेला नव्हता. बाण भिंतीवर भलतीकडे पळे. पाणी, भाकर, मेंढरे, कुत्रे, सगळ्यांवरून तो फिरला, पण त्यांनी कुठेच दाबले नाही. ते कोपऱ्याकडेच निघाले होते. अर्जदार बाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, त्यांना हे कळले, आणि भर कचेरीत त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

त्याच वेळी आढावा बैठकीला साहेब मंडळी आत आली. बैठक दिव्यांग साहित्य वाटपाचीच होती. पडदा मोकळा करा असा हुकूम झाला. सिद्धाराम थोडे थांबा म्हणत असताना दुसऱ्या एका कर्मचाऱ्याने डबी ओढून घेतली. त्याच क्षणी बिराप्पांनी कोपऱ्यातल्या चित्रावर दाबले होते. टॅबलेट ‘ना’ एवढेच बोलला आणि बंद पडला.

९. तिघांना पुढच्या तारखेला या असे सांगून बाहेर काढण्यात आले. पुढची तारीख आली नाही, अहवाल आला. त्यात असे लिहिले आहे : ‘यंत्र बोलते. दुरुस्ती हवी आहे काय, असे विचारले असता लाभार्थ्याने यंत्राद्वारे “ना” असे स्पष्ट उत्तर दिले. सबब दुरुस्तीची आवश्यकता नाही. यंत्र जमा करून घ्यावे व प्रकरण बंद करावे.’

१०. या नोंदीस अर्जदार बाईंची हरकत आहे. दालनात बिराप्पांना कुणीही काहीही विचारले नाही, सिद्धाराम यांना विचारून खात्री करावी. दुसरे असे की ‘नाही’ हा शब्द या टॅबलेटमध्ये भरलेलाच नाही, हे वर तिसऱ्या परिच्छेदात आले आहे. आणि भरला असता तरी तो ‘ना’ असा नसता. साहेब, आपण बाहेरून बदलून आला असाल तर माहितीसाठी सांगतो. आमच्याकडे खडकदेवळीपासून परंड्यापर्यंत माणूस नकार देतो तो ‘न्हाय’ म्हणून देतो. तोंड वाकडे करून देतो, कधी शिवी घालून देतो, पण ‘ना’ म्हणून कुणी देत नाही. तो नकार नव्हता. ती हाक होती. अर्जदार बाईंच्या नावाचे ते पहिले अक्षर आहे, आणि नवऱ्याने ते नाव आयुष्यात फक्त त्या टॅबलेटमध्ये घेतलेले आहे.

११. आता दुरुस्तीचे म्हणाल तर ती वेळ गेली. दालनातून परत आल्यापासून टॅबलेटला कितीही करंट लावला तरी दिवा लागत नाही. मल्लिनाथने उघडून पाहिले. बॅटरी फुगून आतला बोर्ड गेला आहे, पुण्याला धाडूनही काही होणार नाही, असे तो म्हणतो. आवाज आत असेल, पण बाहेर यायला रस्ता नाही. हे त्याने बिराप्पांना सांगितले नाही, अर्जदार बाईंना बाजूला घेऊन सांगितले. बाईंनीही घरी सांगितलेले नाही. बिराप्पा अजून सकाळी टॅबलेट मांडीवर घेतात, धोतराच्या सोग्याने काच पुसतात आणि कोपरा दाबून पाहतात. आता ‘कुत्रं बांध’सुद्धा येत नाही. अर्जदार बाई लक्ष ठेवून असतात आणि बोट कोपऱ्यावर गेले की ‘आले’ म्हणतात. त्या म्हणतात की हे फार दिवस चालणार नाही, माणूस मुका आहे, खुळा नाही.

१२. नोटिशीप्रमाणे टॅबलेट जमा करण्यास अर्जदार बाई तयार आहेत. सरकारची वस्तू सरकारला जाईल. नवीन टॅबलेट ठरलेली मुदत संपेपर्यंत मिळत नाही हे त्यांना समजले आहे. मिळाला तरी त्यात तो पुस्तकी तरुणच बोलेल, म्हणून त्यांचा त्यासाठी आग्रह नाही. वीज नको, डबी नको, मूल तर नकोच नको. आपल्या अहवालातली ती एक नोंद तेवढी दुरुस्त व्हावी. पूर्ण नोंद खोडायला लागत असेल तर तीही खोडू नये. जिथे ‘ना’ लिहिले आहे तिथे त्याच्या पुढे, त्याच ओळीत, ‘जुका’ एवढी दोन अक्षरे लिहावीत. म्हणजे या माणसाने शेवटची हाक मारली आणि ती कुणाला मारली, एवढे तरी सरकारदरबारी राहील.

असे केल्याने कोणत्याही नियमाचा भंग होतो असे लिहून देणाराला दिसत नाही. तरी आपल्याकडून ते होईल अशी आशा अर्जदार बाईंना फारशी नाही, हेही प्रामाणिकपणे कळवतो.

आपली,
इतके होऊनही नम्र,

नाजुकाबाई बिराप्पा देवकते
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण : भूम
दिनांक : १९ ऑगस्ट २०२५

सोबत :
वीज कार्यालयाचे उत्तर व मूल दत्तक देता येत नसल्याबद्दलचे पत्र.
खोक्याचे झाकण, डबीच्या चित्रासह.
टॅबलेट सोबत जोडलेला नाही. नोंद दुरुस्त झाल्याचे पत्र मिळताच वैजनाथ आणून जमा करील.

लिहून देणाराचा दाखला : वरील सर्व मजकूर अर्जदार बाईंस त्यांचे पती व सून यांच्यासमक्ष वाचून दाखवला. अकरावा परिच्छेद बाईंनी आधी खुणावल्यावरून पतीसमोर वाचला नाही. बाकी सर्व बरोबर असल्याचे त्या म्हणाल्या. बाराव्या परिच्छेदात ‘ना’पुढची दोन अक्षरे जोडून नाव पूर्ण वाचू लागलो तेव्हा मात्र त्यांनी हात वर करून थांबवले आणि म्हणाल्या, “तेवढं तुमी वाचू नका. लिवलेलं ऱ्हाऊ द्या.” त्याप्रमाणे ते वाचले नाही.

बब्रुवान, अर्जनवीस, भूम